ओढतंय की!

नानांनी ट्रॉली करून घ्यायची ठरवली तेव्हा तिचं माप आधीच ठरलेलं होतं. बापूंच्या ट्रॉलीपेक्षा एक फूट लांब. बापू आमच्या भावकीतले, बांधाला बांध लागलेला, आणि त्या बांधावरून जे काही आहे ते आता तिसऱ्या पिढीत चाललंय. बापूंची दहा फुटी, म्हणून नानांची अकरा फुटी. वर्कशॉपवाल्यानं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "नाना, भरणार काय हाय हिच्यात?" तेव्हा नाना त्याच्याकडे असे बघायला लागले, जणू मंगल कार्यालयवाल्यानं नवरा-नवरीचं एकमेकांशी पटतं का असं विचारलंय.

"काय म्हंजे? ऊस भरू, कडबा भरू, मुरूम भरू. लग्नसराईत वऱ्हाड भरू. तुला काय करायचंय? तू अकरा फूट कर."

मी सोबत होतो. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, त्यामुळे घरात लोखंड, मोटार किंवा म्हैस यांपैकी काही विकत घ्यायचं असलं की मला नेतात. विचारत काही नाहीत, पण नेतात. मी म्हणालो, "नाना, लांबी नंतर. आधी वजनाचं बघू. आपला ट्रॅक्टर..."

"ओढतंय की!" नाना म्हणाले.

आमच्या मंगळवेढ्यात वाहतूकशास्त्राचा हा पहिला आणि शेवटचा सिद्धान्त आहे. ओढंल का? ओढतंय की. विषय संपला.

हे वाहन कागदावर ट्रेलर असतं, बोलण्यात ट्रॉली असतं आणि शेतात टायली होतं. ट्रॅक्टरला ते जिथं जोडतात त्या भागाला दांडी म्हणतात. आमच्या काळ्या रानात पिकणाऱ्या ज्वारीचं नाव मालदांडी. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिची जी 'एम ३५-१' जात देशभर गेली ती शेजारच्या मोहोळला निवडलेली, हे मी वर्गात अभिमानानं सांगतो. नानांचं म्हणणं वेगळं आहे. पुढं दांडी, मागं माल, म्हणून मालदांडी. व्युत्पत्ती साफ चूक आहे, पण ट्रॉलीचं एवढं नेमकं वर्णन मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. सगळा खेळ त्या दांडीवर किती माल येतो याचाच आहे.

वर्कशॉपमध्येच मी खडूनं पत्र्यावर हिशेब मांडला. अकरा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट उंच फळके. झाले १३२ घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास. म्हणजे नुसत्या फळक्यापर्यंत वाळू भरली तरी सव्वा ब्रासच्या वर, वजन सहा टनांच्या आसपास. तेवढ्याच जागेत कडबा भरला तर अर्धा टनही भरायचा नाही. ट्रॉली आपण फुटावर घेतो. ट्रॅक्टरला मात्र ती टनात कळते. म्हणून आधी माल ठरवायचा, मग त्याचं वजन, त्यात रिकाम्या ट्रॉलीचं वजन मिळवायचं (तेही टन-दीड टन असतंच), मग ट्रॅक्टर बघायचा आणि सगळ्यात शेवटी फूटपट्टी काढायची. मुरूम-वाळूवाल्यानं ट्रॉली आखूड घ्यावी, कारण मोठी घेतली की ती भरायचा मोह होतो. कडबावाल्याला लांब चालेल.

वर्कशॉपवाला लक्ष देऊन ऐकत होता. नाना चहा सांगायला गेले होते.

खरं तर कडबाही फळक्यापाशी थांबत नाही. शेकड्यानं विकला जाणारा माल शेकड्यानंच चढतो. पेंढीवर पेंढी रचत ट्रॉलीवर दुसरी माडी होते, तिच्यावर तिसरी, आणि सगळ्यात वर एक पोरगा आडवा पडून विजेच्या तारा काठीनं वर उचलत येतो. वजन कमी म्हणून ट्रॅक्टरला काही कळत नाही. कळतं ते वळणावर. उंची वाढली की भाराचा मध्य वर जातो आणि मग रस्त्याकडेची साधी चारीसुद्धा ट्रॉली आडवी करायला पुरते. कडबा पडला तर कुणी हळहळत नाही. तो गोळा करता येतो. पोरगा काठीसकट वरच असतो, हे आम्ही विसरतो.

आणि पाणी. तालुक्याच्या दक्षिण भागातली गावं वर्षानुवर्षं पाण्याची वाट बघत आली, त्यामुळे टँकर आम्हाला कडब्याइतकाच ओळखीचा. पाच हजार लिटरचा टँकर म्हणजे पाच टन पाणी, इथपर्यंत हिशेब सरळ. लोकांना वाटतं, अर्धा भरला की अर्धी भीती. पूर्ण भरलेल्या टँकरातलं पाणी गप्प बसतं, त्याला हलायला जागाच नसते. अर्ध्या टँकरातलं पाणी ब्रेक दाबला की पुढं धावतं, वळण घेतलं की बाजूला चढतं. उथळ पाण्याचा खळखळाट म्हणीत बरा वाटतो, पाठीमागं अडीच टन खळखळत असलं की बरा वाटत नाही.

वऱ्हाडाचंही तसंच. हा एकच माल असा आहे जो भरल्यावर स्वतःहून जागा बदलतो. निघताना मामा पुढं बसलेले असतात, गाव मागं पडलं की ते पान खायला मागं जातात, त्यांच्याशी बोलायला आणखी चौघं जातात आणि दांडीवरचा भार शेपटाला लागतो. माणसं न्यायला ही गाडी नाहीच. कायदाही तेच सांगतो, आणि पंढरपूरच्या वाटेवर वारीच्या दिवसांत उलटलेल्या ट्रॉल्यांच्या बातम्याही तेच सांगतात. यावर मला विनोद सुचत नाही.

हे शेपटाचं शास्त्र आमच्या आजोबांना पाठ होतं. ते बैलगाडीचे. गाडीत मागं ओझं जास्त झालं की जू वर उचलायचं, बैलांच्या गळ्याला जोत्याचा फास लागायचा. ती गाडी उलाळ. पुढं जास्त झालं की सगळं बैलांच्या मानेवर. ती धुरजड. पोती भरून झाली की आजोबा जुवाजवळ जाऊन एका हातानं ते उचलून बघायचे. अगदी सहज उचललं तर दोन पोती पुढं. उचलता उचलेना, तर दोन पोती मागं. बैलांना जुंपणं त्यानंतर.

माझा मावसभाऊ टेक्सासात असतो. त्यानं गाडीमागं होडी ओढायची ट्रॉली घेतली आणि फोनवर मला तासभर शिकवलं की, एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांडीवर यायला हवा. कमी आला तर ट्रॉली वेगात शेपूट हलवायला लागते आणि पुढच्या गाडीलाही हलवते. जास्त आला तर गाडीचं नाक वर होतं, सुकाणू हलकं पडतं. तो दांडीखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवून मोजतो म्हणे. मी म्हणालो, आजोबा हातानं मोजायचे. तो म्हणाला, कॅलिब्रेशन? मी म्हणालो, बैल.

बैल नाराज असले की चालायचे नाहीत. ट्रॅक्टरला ही सोय नाही. त्याच्यात पंचेचाळीस-पन्नास घोडे असतात, पण नाराज होणारा एकही नसतो.

आता त्या घोड्यांबद्दल. नानांच्या ट्रॅक्टरवर अश्वशक्तीचा आकडा तांबड्या रंगात लिहिलेला आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. जेम्स वॉटनं घोडा किती ओढतो याचं माप काढलं ते इंजिनं विकण्यासाठी, आणि तेच माप अजून इंजिनं विकतंय. घोडा किती थांबवतो याचं माप त्यानं काढलं नाही, म्हणून ते बॉनेटवर लिहायची पद्धत पडली नाही. पहिल्या गिअरमध्ये ट्रॅक्टर स्वतःच्या कितीतरी पट ओझं हलवतो, कारण गिअर त्याला घाई करू देत नाहीत. पण उतारावर जे ओझं मागून येतं त्याला गिअरची भीड नसते. ट्रॅक्टर दोन टनांचा, मागं दहा टन, आणि ब्रेक फक्त पुढच्या दोन टनांना. आमच्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतोच. कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं, "ट्रॅक्टरला हाय की!"

ट्रॅक्टरला आहे, आणि तोही दोन तुकड्यांत. शेतात जागच्या जागी वळता यावं म्हणून डाव्या आणि उजव्या चाकाची ब्रेकची पेडलं वेगळी असतात. डांबरी रस्त्यावर आलं की ती खटक्यानं एकमेकांना जोडायची, नाहीतर भरल्या ट्रॉलीसकट एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॉली ट्रॅक्टरला कात्रीत धरते. नानांच्या ट्रॅक्टरचा तो खटका मी शोधला. त्याला डब्याची पिशवी अडकवलेली होती.

मग मी ट्रॅक्टरबरोबर आलेलं पुस्तक काढलं. ते कपाटात, लग्नपत्रिकांच्या खाली, प्लॅस्टिकसकट होतं. अशा पुस्तकांतून सापडणारा सल्ला असा : बिनब्रेकचं ओझं ओढायचं तर वेग ताशी बत्तीस किलोमीटरच्या आत, आणि ओझं ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीवर नको. मी नानांना हिशेब करून दाखवला. ट्रॅक्टर दोन टन, दीडपट म्हणजे तीन टन. त्यात रिकामी ट्रॉली दीड टन. उरला दीड टन ऊस.

नाना बराच वेळ हसले. मग म्हणाले, "दीड टन? एवढा ऊस तर कारखान्यावर पोचेस्तवर पोरं मागनं ओढून खात्यात!"

यात नानांची चूक आहे आणि नाहीही. गाळप हंगामात आमच्या तालुक्यातले रस्ते बघितले नसतील तर बघा. मंगळवेढ्याचा संत दामाजी कारखाना, लवंगीचा, कचरेवाडीचा, शिवाय आजूबाजूच्या तालुक्यांतले. सगळ्यांची धुराडी एकदम पेटतात. वाहतुकीचे पैसे टनावर. टोळीला उचल आधीच दिलेली. मुकादम रोज तोड मागतो. आणि कारखान्याच्या तळावर गाडी नंबराला लागली की काट्यावर जायला कधी रात्र जाते, कधी त्यावर आणखी अर्धा दिवस. उन्हात उभा ऊस वाळतो, वजन घटतं. एका खेपेला एवढा वेळ जात असेल तर माणूस त्या एकाच खेपेत दोन खेपांचा ऊस बसवणार. पहाटे तीन वाजता तळावर शेकोटीला बसलेल्या ड्रायव्हरला दांडीवरचे दहा टक्के समजावून सांगा, तो ऐकून घेईल आणि तुम्हाला चहा पाजेल. रांग लहान झाली तर भरती आपोआप उतरेल, असं माझं मत आहे. पण हे मत मी अजून कुठल्या वार्षिक सभेत मांडलेलं नाही, कारण मी सभासद नाही. शेअर नानांच्या नावावर आहे.

कायद्याचा धाक म्हणाल तर २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. हा आकडा मी नानांना सांगितला तेव्हा ते गंभीर झाले. म्हणाले, "मंग बापूला किती बसंल?"

त्याच कायद्यात ट्रॅक्टरची व्याख्या मात्र फार सुंदर आहे. जे वाहन स्वतःवर ओझं वाहून नेण्यासाठी बांधलेलं नाही ते ट्रॅक्टर. ही व्याख्या मी वाचून दाखवली तेव्हा काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "म्हंजे तुमचे नाना."

तसं ओझ्याच्या बाबतीत मंगळवेढ्याचा अनुभव जुना आहे. बहामनी काळात दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं उघडली, लोकांनी डोक्यावर, बैलावर जमेल तसं धान्य नेलं, आणि त्याची सगळी किंमत विठू महाराच्या रूपात पांडुरंगानं एका थैलीतून बिदरला पोचवली, अशी कथा आहे. ह्या गावातून गेलेला इतका मोठा आणि इतका हलका माल परत झाला नाही. त्याच्या उलट औरंगजेब. आमच्या माचणूर-ब्रह्मपुरीला भीमेच्या काठी १६९५ ते १६९९ त्याची छावणी होती. हत्ती, तोफा, खजिना, बाजार, कचेऱ्या. अख्खी राजधानीच त्यानं दिल्लीकडून ओढत इथवर आणली. त्यालाही कुणीतरी विचारलं असणार आणि तोही म्हणाला असणार, ओढतंय की. ओढणं जमलंच. थांबणं जमलं नाही, मागं फिरणंही जमलं नाही, आणि १७०७ साली तो दख्खनमध्येच, अहमदनगरला, गेला.

हा दाखलाही नानांना सांगितला. "त्येची किती फुटी होती?" त्यांनी विचारलं.

अकरा फुटी ट्रॉली घरी आली. निळा रंग, मागच्या फळक्यावर 'आईबापाची पुण्याई', दोन्ही बाजूंना मोर. तिच्याबरोबर दांडीला जोडायची पिन, पिनीला अडकवायची चावी आणि पिन तुटलीच तर ट्रॉली सुटू नये म्हणून एक भक्कम साखळी आली होती. आठवड्यानं बघतो तर पिनीच्या जागी सळईचा तुकडा होता, कारण पिन नांगराला लागली होती. साखळी म्हशीला होती.

"म्हस सुटती," नाना म्हणाले, "टायली अजून सुटली न्हाई."

पहिली खेप भरली त्या दिवशी मला मुद्दाम बोलावलं. फडातून डांबरीवर यायला आमच्याकडे ओढ्याची चढण आहे, दोन पुरुष उंचीची, पण उभी. ट्रॉली दोन चाकी, ऊस फळक्याच्या वर पाच हात, आणि रचणाऱ्यांनी पुढून सुरुवात केल्यामुळे गाडी आजोबांच्या भाषेत पार धुरजड. नानांनी पूजा केली, नारळ फोडला, टेपवर गाणं लावलं, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. ट्रॅक्टर दोन हात चढला आणि त्यानं पुढची दोन्ही चाकं शांतपणे उचलून धरली. नाना आकाशाकडे तोंड करून सुकाणू फिरवत होते. ते फिरत होतं, त्याचा कशाशी संबंध नव्हता.

क्लच दाबल्यावर चाकं खाली आली. एकानं पळत जाऊन मागच्या चाकाखाली दगड लावला. गाणं चालूच होतं. उपाय सगळ्यांना माहीत होता आणि तो उसाच्या दिवसांत आमच्याकडे सर्रास होतो : पुढच्या बंपरवर माणसं बसवायची. टोळीतली पोरं हडकुळी. मुकादमानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"सर, तुमीच बसा की."

माझं वजन ब्याण्णव किलो आहे. हे तोडणी टोळीला कसं कळलं ते मला माहीत नाही. मी म्हणालो, थांबा, आधी तरफेचा हिशेब करू. बंपर मागच्या आसापासून पावणेतीन मीटरवर, दांडी मागं पाऊण मीटरवर. म्हणजे माझे ब्याण्णव किलो दांडीवरच्या तीनशेहून जास्त किलोंना तोलून धरतात. मला त्या क्षणी स्वतःबद्दल जो आदर वाटला तो तीस वर्षांच्या नोकरीत वाटला नव्हता. पण भार तीनशेवर असेल तर? आणि चाक खड्ड्यात जाऊन मी खाली पडलो तर सगळ्यात आधी माझ्यावरून कोणतं चाक जाईल, हे मी वाळूत काढून दाखवायला लागलो. आकृती अर्धी झाली होती. मुकादम उठला, ट्रॉलीवर चढला आणि पुढच्या बाजूच्या पंचवीस-तीस मोळ्या खाली ढकलल्या. ट्रॅक्टर चढण चढून गेला.

"ओढलं की न्हाई!" नाना वरून ओरडले.

त्या मोळ्या मी आणि पोरांनी डोक्यावरून डांबरीवर आणल्या. आणि त्या पुन्हा ट्रॉलीवरच चढल्या, पण या वेळी मागं.

गोष्ट इथं संपली असती, पण पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या करारात ट्रॉल्या दोन लागतात असं निघालं. एका ट्रॅक्टरमागं दोन. नानांकडे एक. दुसरी नवी घ्यायला पैसे नाहीत. गावात त्या मापाची मोकळी ट्रॉली एकच होती. तीन पिढ्यांत जे तलाठ्याला, तंटामुक्तीला आणि दोन सोयरिकींना जमलं नाही ते दीड इंची पिनीनं केलं. आता पुढं नानांची अकरा फुटी निळी, मागं बापूंची दहा फुटी पिवळी. एवढं झाल्यावर म्हशीची साखळी परत आली. बापूंचा सळईवर विश्वास नाही. पेडलांचा खटकाही आता लागतो, पिशवी आरशाला गेली.

राहिला तांबडा दिवा. तो मागच्या ट्रॉलीला लावायचा, म्हणजे बापूंच्या. पण वायर पुढून जाते, म्हणजे नानांच्या. खर्च कुणाचा, यावर दोन बैठका झाल्या आहेत आणि तिसरी हंगाम संपल्यावर आहे. मी माझ्या पैशानं रिफ्लेक्टरच्या पट्ट्या आणून चिकटवल्या, त्या धुरळ्यानं आठ दिवसांत काळ्या झाल्या. दिवा लागेपर्यंत पंढरपूर रस्त्यानं रात्री येणार असाल तर एवढं करा : समोर काळोखात मोठ्यानं गाणं ऐकू आलं आणि दिसत काहीच नसलं, तर गाडी हळू घ्या. ते नाना आहेत. आणि ओव्हरटेक करताना पिवळी ट्रॉली संपली म्हणून लगेच डावीकडे वळू नका, तिच्या पुढं अकरा फूट निळी अजून आहे.